‘नाताळ’ शब्दाची कुळकथा व त्याचें व्याकरण

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त आष्टी येथें झालेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्यासपीठावर उभें राहून धर्मगुरूनें धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. तो इतिहास वडील मंडळींनीं सकाळच्या सभेंत आमच्याहून अधिक चांगल्या रीतीनें सांगितला आहे; त्यांत आम्ही भर घालीत नाहीं. आम्ही आज एका शब्दाविषयीं बोलणार आहों. तो शब्द तुम्हां सर्वांच्या तोंडचा आहे, आणि ह्या वर्षीं त्याच्यावरून आपल्यांत थोडी कुरबुरही झाली आहे. तो शब्द म्हणजे ‘नाताळ’.

कुरबुर अशी. ज्युबिलीच्या वर्षांतला डिसेंबरचा सोहळा मोठ्या प्रमाणावर व्हावा म्हणून निमंत्रणपत्रिका छापण्याचें ठरलें. तरुण मंडळी म्हणाली, वर ‘ख्रिसमस’ असें छापावें. कारण हल्लीं मोबाइलवर ज्या शुभेच्छा येतात त्या ह्याच शब्दानें येतात. कांहीं प्रौढ मंडळींचें म्हणणें पडलें कीं, ‘ख्रिस्तजयंती’ असा भारदस्त शब्द असतां दुसरा कशाला? ह्या वादांत कोणी तरी एक वाक्य बोलून गेलें, तें मात्र आमच्या मनाला लागलें: “नाताळ हा शब्द आपला नाहींच, तो फिरंग्यांचा आहे.” बोलणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हें बाहेर ऐकावें लागतें, आणि त्याच्या मागोमाग दुसरेंही ऐकावें लागतें: ज्यांच्या सणाचें नांवच परकें, तीं माणसें तरी येथलीं कशीं? तेव्हां हा प्रश्न केवळ पत्रिकेचा राहत नाहीं. एखादा शब्द परका केव्हां असतो आणि आपला केव्हां होतो, हें पाहणें आपणांस भाग आहे, आणि तें पाहण्याचें साधन व्याकरण हें आहे. व्याकरणाचें नांव काढतांच मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू होते, हें आम्ही जाणतों. त्या मंडळींनीं थोडा धीर धरावा. पाव, साबण आणि ऊंस हींही आज वाटेंत भेटणार आहेत.

मराठींत हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला, ह्याविषयीं विद्वानांत वाद नाहीं. पोर्तुगीजांत त्यास ‘नाताल’ म्हणतात. त्याचा सख्खा भाऊ इटालियन भाषेंत ‘नाताले’ ह्या नांवानें नांदतो, आणि दोघांची आई लॅटिन. डिसेंबरांत रोमला जाणाऱ्या यात्रेकरूस तेथल्या दुकानांवर ‘बुओन नाताले’ अशीं अक्षरें दिसतात. त्यांचा अर्थ ‘शुभ नाताळ’ एवढाच. ह्या इटालियन रूपाचीच कथा आधीं सांगतों. कारण तें लॅटिनच्या सर्वांत जवळ राहिलें आहे, आणि तें समजलें म्हणजे आपल्या शब्दाचें वळण सहज लक्षांत येतें.

लॅटिनमध्यें ‘नातालिस’ असें एक विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘जन्मासंबंधीं’. ‘दिएस’ म्हणजे दिवस. ‘दिएस नातालिस’ म्हणजे जन्मदिवस. बोलतां बोलतां ‘दिएस’ गळून पडला आणि विशेषणच नाम होऊन बसलें. ह्यांत नवल नाहीं. “आमची धाकटी आज माहेरीं गेली” असें आपण म्हणतों, तेव्हां ‘सून’ हा शब्द आपणही गाळतों, आणि ‘धाकटी’ हें विशेषण एकटेंच सर्व काम करितें.

हें विशेषण पुल्लिंगीं व स्त्रीलिंगीं ‘नातालिस’ आणि नपुंसकलिंगीं ‘नाताले’ असें चालतें. येथें कोणाचीही फसगत होण्याजोगी आहे. इटालियन ‘नाताले’ आणि लॅटिनचें नपुंसकलिंगी ‘नाताले’ हीं रूपें कानाला एकच लागतात. तेव्हां हें त्यावरूनच आलें असावें असें वाटतें. परंतु कोशकार तसें मानीत नाहींत. इटालियन, पोर्तुगीज, फ्रेंच, स्पॅनिश ह्या लॅटिनच्या लेकी होत. आणि त्यांच्यांतील नामें बहुतेक आईच्या द्वितीया विभक्तीपासून निघालीं आहेत, प्रथमेपासून नव्हेत. लॅटिनमध्यें बाप म्हणजे प्रथमेंत ‘पातेर’, द्वितीयेंत ‘पात्रेम्’. ह्या द्वितीयेपासून ‘पाद्रे’ झाला, आणि ‘पाद्रे’ म्हणजेच आपला ‘पाद्री’. भाकरीला लॅटिनांत ‘पानिस’, द्वितीयेंत ‘पानेम्’. त्यापासून इटालियन ‘पाने’, पोर्तुगीज ‘पांव’, आणि आपण चहांत बुडवितों तो पाव. साबणाची प्रथमा ‘सापो’, द्वितीया ‘सापोनेम्’, इटालियन ‘सापोने’. आपल्या साबणाच्या शेवटीं जो ‘ण’ आहे तो त्या द्वितीयेंतला. प्रथमेंत तो मुळीं नाहींच. ‘चावी’ हा शब्दही असाच ‘क्लावेम्’पासून पोर्तुगीजांच्या मार्गानें आला. आज पोर्तुगीज माणूस तिच्या आरंभीं ‘श’ उच्चारितो; आपल्या ‘चावी’तला ‘च’ हा त्याच्या पूर्वजांचा उच्चार आहे. तो लिस्बनांत मोडला आणि आष्टींत टिकला, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते.

तर ‘नातालिस’ची द्वितीया ‘नातालेम्’. तिच्या शेवटचा ‘म्’ रोमच्या वैभवाच्या काळींच पोकळ झाला होता. पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथल्या भिंतींवर साध्या लोकांनीं खरडलेलीं वाक्यें त्या राखेंत जशींच्या तशीं राहिलीं, आणि त्यांत हा ‘म्’ पुष्कळदां लिहिलेलाच नाहीं. ‘म्’ गेल्यावर उरलें तें ‘नाताले’. हेंच इटालियन रूप. पोर्तुगीजांनीं शेवटचा ‘ए’ही टाकला आणि ‘नाताल’ केलें. फ्रेंचांनीं त्याचा ‘नोएल’ केला; त्यांच्या हातीं कोणताही लॅटिन शब्द धड राहत नाहीं. कातालान व गालिसियन ह्या पोर्तुगीजच्या शेजारणींनीं ‘नादाल’ असा उच्चार केला. दोन स्वरांमधल्या ‘त’चा ‘द’ होणें हा तिकडचा नेहमींचा प्रकार आहे. पोर्तुगीजांतही तसेंच व्हावयाचें. परंतु देवळांत नित्य लॅटिन ऐकूं येत असल्यामुळें तेथें हा ‘त’ शाबूत राहिला. स्पॅनिश लोकांनीं मात्र ‘नाव्हिदाद’ हा शब्द घेतला. तो ‘नातिव्हितातेम्’ ह्या निराळ्या नामापासून झाला आहे, आणि म्हणून स्त्रीलिंगी आहे.

लिंगाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. इटालियन ‘नाताले’ पुल्लिंगी, पोर्तुगीज ‘नाताल’ पुल्लिंगी, आणि मराठीं ‘नाताळ’ही पुल्लिंगी. आपण “नाताळ आला” म्हणतों, “आली” किंवा “आलें” म्हणत नाहीं. लॅटिनांत त्याच्यामागें दिवसवाचक पुल्लिंगी शब्द उभा होता. मराठींत ‘दिवस’ आणि ‘सण’ हे दोन्ही पुल्लिंगीच. बोलणाऱ्यांपैकीं कोणीही हें ठरवून केलें नाहीं.

इटालियनांत त्याचें अनेकवचन ‘नाताली’ असें होतें, पोर्तुगीजांत ‘नाताइस’. परंतु विभक्तीचे प्रत्यय विचाराल, तर ते तेथें उरलेच नाहींत. लॅटिनमध्यें ‘नातालिस’, ‘नातालेम्’, ‘नाताली’ अशीं एकाच शब्दाचीं रूपें विभक्तीप्रमाणें पालटत असत. ती सर्व श्रीमंती इटालियनांत लयाला गेली. तेथें ‘नाताळाचा’ म्हणावयाचें तर ‘दि नाताले’ आणि ‘नाताळांत’ म्हणावयाचें तर ‘आ नाताले’. शब्द जागचा हालत नाहीं, त्याच्या आधीं एक लहानसें अव्यय लावून काम भागवितात. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें आपणांस तिची गरज लागेल.

इटलींत एक म्हण आहे. तिचा आशय असा कीं, नाताळ आपल्या घरच्या माणसांत करावा, आणि ईस्टर ज्याला ज्यांच्याबरोबर आवडेल त्यानें त्यांच्याबरोबर करावा. ही म्हण ऐकली म्हणजे आम्हांस आपल्या बीड जिल्ह्याचें स्मरण होतें. कारण येथें ती उलटी लागू पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेलीं आपलीं माणसें कोयता बांधून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊंसतोडीस निघतात, आणि कारखान्यांचें गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलांत परततात. म्हणजे नाताळ येतो तेव्हां घरीं म्हातारीं माणसें आणि शाळेचीं मुलें. कर्तींसवरतीं माणसें कोठें तरी फडावर, कोपींत. ईस्टरला मात्र बहुधा सर्वांची गांठ पडते. ज्याच्या नांवाचा अर्थच जन्म, आणि ज्याच्या कथेंत नांवनोंदणीसाठीं गांव सोडून गेलेलें एक जोडपें गोठ्यांत उतरतें, तो सण फडावरच्या माणसाला परका वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण हा विषय निराळा. आपण शब्दाकडे परत येऊं.

‘नातालिस’च्या पोटांत ‘नातुस’ हा शब्द आहे. ‘नातुस’ म्हणजे ‘जन्मलेला’. त्याचें जुनें रूप ‘ग्नातुस’. आरंभींचा ‘ग’ पुढें गळाला. ‘कोग्नातुस’, म्हणजे एका कुळांत जन्मलेला, ह्या शब्दांत तो अजून दिसतो. (इटलींत हाच शब्द आज मेहुण्यास लावितात, कुळाबाहेरच्या मेहुण्यास एका कुळांतला करून टाकण्याची ही युक्ति आम्हांस आवडली.) आतां संस्कृतांत ‘जन्’ धातूपासून ‘जात’ असें रूप होतें, त्याचाही अर्थ ‘जन्मलेला’. लॅटिन ‘ग्नातुस’ आणि संस्कृत ‘जात’ हीं दोन्ही एकाच प्राचीन शब्दाचीं रूपें आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या, असें सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं जाहीर केलें. त्यानंतरच्या विद्वानांनीं अक्षराला अक्षर लावून तें सिद्ध केलें. पिता आणि पातेर, मातृ आणि मातेर हीं उदाहरणें पुष्कळांनीं ऐकलीं असतील. त्याच मालिकेंत ‘जात’ आणि ‘ग्नातुस’ येतात.

ह्याचा अर्थ नाताळ हा शब्द संस्कृतांतून निघाला असा मात्र नव्हे. तसें सांगणारे उत्साही लोक भेटतात. त्यांच्या नादीं लागूं नये. हे चुलतभाऊ आहेत, बापलेक नव्हेत. परंतु ज्याला कोणी फिरंगी म्हणून हिणवितात, त्या शब्दांत तोच धातु आहे जो ‘जन्म’, ‘जननी’, ‘प्रजा’ आणि ‘जनता’ ह्या आपल्या शब्दांत आहे, एवढें निश्चित.

आणि तोच धातु ‘जाति’ ह्या शब्दांतही आहे. ‘जाति’ म्हणजे मुळांत नुसता ‘जन्म’. पुढें ह्या निरुपद्रवी शब्दाकडून केवढें काम करून घेण्यांत आलें, हें ह्या सभागृहांत बसलेल्यांस आम्ही सांगावयास नको. कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरावें, कोणी वेशीच्या कोणत्या बाजूस राहावें, कोणी कोणाच्या पंगतीस बसूं नये, हें सर्व जन्मावरून ठरविण्यांत आलें, आणि त्या ठरविण्याला नांव दिलें तें जन्माचेंच. आपल्या आजोबा-पणजोबांनीं तें सोसलें आहे. लॅटिनमध्यें त्याच धातूपासून ‘नातिओ’ झाला, म्हणजे एका वंशांत जन्मलेले लोक. आजचे राष्ट्रवाचक युरोपीय शब्द त्यापासून निघाले. तोही शब्द माणसांस एकत्र आणण्याच्या कामीं आला तसाच वेगळें पाडण्याच्याही कामीं आला.

‘नातालिस’ हा शब्दही रोमन लोकांनीं प्रथम मोठ्यांसाठींच मिरविला. बादशहांचा नातालिस, रोम नगराचा नातालिस (तो २१ एप्रिलला पाळीत), असे ते सार्वजनिक उत्सव होत. ह्या शब्दाचा उपयोग प्रारंभींच्या ख्रिस्ती लोकांनीं मोठ्या धैर्यानें पालटला. रक्तसाक्षी ज्या दिवशीं मारला गेला त्या दिवसाला ते त्याचा नातालिस, म्हणजे जन्मदिवस, म्हणूं लागले. कां कीं त्या दिवशीं तो खऱ्या जीवनांत जन्मला. इ. स. ३५४ च्या सुमारास रोममध्यें सिद्ध झालेलें एक पंचांग आजही उपलब्ध आहे. त्यांत रक्तसाक्षींच्या दिवसांची यादी आहे, आणि त्या यादीच्या शिरोभागीं २५ डिसेंबर हा बेथलेहेमांतल्या ख्रिस्तजन्माचा दिवस लिहिला आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत २५ डिसेंबरलाच ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्यदेवाचा, नातालिस नोंदलेला आहे. ह्या दोहोंपैकीं आधीं कोणता, ह्यावर पंडित अजून भांडत आहेत. त्यांस भांडूं द्यावें. आमचें लक्ष वेधतें तें यादींतल्या ७ मार्चच्या नोंदीनें. तेथें आफ्रिकेंतल्या दोन स्त्रियांचीं नांवें आहेत, पेर्पेतुआ आणि फेलिसितास. कार्थेज येथें २०३ सालीं दोघींस एकाच रिंगणांत मारलें. पेर्पेतुआ प्रतिष्ठित घराण्यांतली होती. फेलिसितास दासी होती, आणि मरणापूर्वीं थोडेच दिवस तुरुंगांत ती बाळंत झाली होती. जन्मानें एक मालकिणीच्या दर्जाची, दुसरी बटीक. पंचांगांत मात्र दोघींचा नातालिस एक, तिथि एक, ओळ एक. ‘जन्’ धातूपासून माणसांनीं जे जे शब्द घडविले, त्यांत हा उपयोग आम्हांस सर्वांत सरस वाटतो, आणि आपल्या सणाचें नांव त्या घरचें आहे.

असो. आतां हा शब्द येथवर आला कसा, तें पाहूं. वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येत असतां १४९७ च्या डिसेंबरांत, नाताळाच्या सुमारास, त्याचीं गलबतें आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून चाललीं होतीं. त्यानें त्या किनाऱ्यास ‘नाताल’ असें नांव दिलें. म्हणजे शब्द आपल्याकडे पोहोंचण्याआधींच वाटेंत एका प्रांताला चिकटला. पुढें इंग्रजांच्या अमलाखालीं त्याच प्रांतांत उंसाचे मळे निघाले, आणि त्या मळ्यांवर काम करण्यासाठीं १६ नोव्हेंबर १८६० रोजीं मद्रासेहून करारबंद मजुरांचें पहिलें जहाज तेथें लागलें. १९११ पर्यंत सुमारें दीड लाख हिंदी माणसें त्या प्रांतीं गेलीं. महात्मा गांधी १८९३ सालीं तेथें उतरले आणि १८९४ सालीं त्यांनीं तेथें ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ स्थापिली. मराठींत त्या प्रांताचें नांवही ‘नाताळ’ असेंच लिहितात. १९९४ पासून तो ‘क्वाझुलू-नाताळ’ झाला आहे. ऊंस तोडावयास घर सोडून गेलेल्या माणसाच्या कानीं ‘नाताळ’ हा शब्द पडावा, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज १५१० सालीं गोव्यांत आणि १५३४ सालीं वसईंत स्थिर झाले. वसई १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं घेतली. गोवा १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. परंतु त्यांचें राज्य घाटाखालीं राहिलें. आष्टी ही निजामाच्या मुलुखांत होती. तें राज्य १९४८ सालीं संपलें. पोर्तुगीजांचा एकही शिपाई अथवा अंमलदार ह्या माळरानावर राज्य करावयास आला नाहीं. तरी शब्द आला. तो तलवारीनें आला नाहीं. कोंकणी व मराठी बोलणाऱ्यांच्या जिभेवर बसून, पाव, साबण, चावी, पगार, घमेलें ह्या सोबत्यांबरोबर घाट चढून आला. घमेलें उचलतांना तें फिरंग्यांचें आहे असें कोणी म्हणत नाहीं. पगार हातीं पडतांना तर मुळींच म्हणत नाहीं.

ह्या सर्व शब्दांचा शोध ज्यांनीं घेतला ते विद्वान धर्मगुरु आपल्याच देशाचे होते, हें येथें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो हे गोव्यांतील आसगांवचे. आशियाच्या भाषांत पोर्तुगीज शब्द कसकसे मुरले ह्यावर त्यांनीं १९१३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी भाषांतर १९३६ सालीं बडोद्याहून निघालें.

आणि आतां मराठींत आल्यावर त्या शब्दाचें काय झालें तें पाहूं. आमच्या मतें खरा निकाल येथें लागतो.

पहिली गोष्ट ‘त’. इंग्रजींतून आलेल्या शब्दांत आपण बहुधा ‘ट’ उच्चारितों: टेबल, स्टेशन, मोटार. पोर्तुगीजांतून आलेल्यांत बहुधा ‘त’: फीत, तंबाखू, तुरुंग. नाताळांतला ‘त’ त्या दुसऱ्या पंगतींतला. (बटाटा हा पोर्तुगीजांतून येऊनही ह्या नियमास जुमानीत नाहीं, बटाट्याकडून शिस्तीची अपेक्षा आम्ही करीत नाहीं.)

दुसरी गोष्ट ‘ळ’. हें अक्षर लॅटिनांत नाहीं, इटालियनांत नाहीं, पोर्तुगीजांत नाहीं. संस्कृत ‘फल’ मराठींत ‘फळ’ होतें, ‘काल’ ‘काळ’ होतो, ‘कमल’ ‘कमळ’ होतें, ‘मूल’ ‘मूळ’ होतें. मराठीनें संस्कृतांतून आलेल्या शब्दांच्या कपाळीं जी खूण केली, तीच ह्या शब्दाच्या कपाळीं केली. गुजरातींत तो ‘नाताल’च राहिला, मराठींत आणि कोंकणींत ‘नाताळ’ झाला. सकाळ, संध्याकाळ, दुष्काळ, सुकाळ अशा काळवाचक शब्दांच्या ओळींत तो जाऊन बसला, आणि तेथें त्याला कोणी हटकलें नाहीं.

तिसरी गोष्ट स्वरांची. लॅटिनमध्यें ‘ना’ आणि ‘ता’ हे दोन्ही स्वर दीर्घ होते. इटालियन माणूस पहिला ‘ना’ आंखूड करून टाकितो. मराठी माणूस दोन्ही अक्षरें पूर्ण लांबवून म्हणतो. हा योगायोग आहे हें खरें. पण सिसेरो आज उठून आला तर त्या दोन अक्षरांपुरता त्याला रोमच्या दुकानदारापेक्षां आष्टीच्या आजीबाईंचा उच्चार ओळखीचा वाटेल.

चौथी आणि मुख्य गोष्ट विभक्तीची. मघाशीं सांगितलें कीं, लॅटिनमध्यें ह्या शब्दाला विभक्ति होत्या आणि इटालियन व पोर्तुगीजांत त्या गेल्या. समुद्र ओलांडून आला तेव्हां हा शब्द विभक्तिहीन होता. मराठीनें त्याला पुनः विभक्ति दिल्या. नाताळ, नाताळास, नाताळानें, नाताळाहून, नाताळाचा, नाताळांत: ‘काळ’ शब्द चालवावा तसा तो बिनतक्रार चालतो. शेंकडों वर्षें जें त्याच्या स्वतःच्या घरीं त्याला मिळालें नाहीं, तें त्याला येथें मिळालें. ज्याला आमची षष्ठी लागते, आमची सप्तमी लागते, ज्याचें सामान्यरूप आमच्या लहान मुलास न शिकवितां येतें, त्या शब्दास व्याकरण परका म्हणत नाहीं. त्याचें मूळ कोठलें हा प्रश्न इतिहासाचा; तो कोणाचा हा प्रश्न व्याकरणाचा, आणि व्याकरणानें तो केव्हांच सोडविला आहे. आपल्या मुलांना पुढच्या वेळीं कोणी तें वाक्य ऐकविलें, तर त्यांनीं रागावूं नये. समोरच्यास ‘पगार’ आणि ‘साबण’ हे शब्द चालवून दाखविण्यास सांगावें आणि नंतर ‘नाताळ’ चालवावा.

राहिले दुसरे दोन शब्द. ‘ख्रिसमस’ म्हणजे ख्रिस्ताचा मिस्सा. त्यांतला ‘ख्रिस्त’ ग्रीक, आणि ‘मस’ हा लॅटिन ‘मिस्सा’, जो आपण दर रविवारीं आहे तसाच उच्चारितों. तेव्हां परकेपणा टाळावा म्हणून नाताळ सोडून ख्रिसमस घेणें म्हणजे एक पाहुणा घालवून दोन आणण्यासारखें आहे. शिवाय तो मराठींत अजून रुळलेला नाहीं. ‘ख्रिसमसास’ असें कोणी म्हणून पाहावें. तरुणांनीं तो मोबाइलवर खुशाल वापरावा. आमची हरकत नाहीं. ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्द सुंदर आहे, अर्थ स्पष्ट सांगतो आणि इतर धर्मांच्या शेजाऱ्यांस तो लगेच कळतो. पत्रिकेच्या मजकुरांत ‘प्रभु येशू ख्रिस्ताच्या जयंतीनिमित्त’ असें अवश्य लिहावें. परंतु मथळा ‘नाताळ’ असावा असें आमचें मत आहे, आणि समितीनें तें मान्य केलें तर आम्हांस आनंद होईल.

छापणाऱ्यांसाठीं दोन सूचना. शब्दांत ‘ळ’ लिहावा, ‘ल’ नव्हे. मागें एका फलकावर ‘नाताल’ असें रंगविलें गेलें होतें. ‘नाताळचा’ आणि ‘नाताळाचा’ हीं दोन्ही रूपें प्रचारांत आहेत. जें घ्यावें तें पत्रिकेच्या अखेरपर्यंत एकच ठेवावें. ज्युबिलीच्या ओळींत ‘इतके नाताळ’ असें अनेकवचन लिहावें लागेल, तेथें ‘नाताळें’ किंवा ‘नाताळे’ करूं नये. इटालियनाला ‘नाताली’ करावें लागतें, पोर्तुगीजाला ‘नाताइस’. मराठींत अकारान्त पुल्लिंगी नामाची प्रथमा पालटत नाहीं. एक नाताळ, पंचवीस नाताळ, पन्नास नाताळ.